कागदावरचं सनरूफ

गाडीच्या कर्जाचा पहिलाच हप्ता थकला की फाइल वसुलीवाल्यांच्या आधी आमच्याकडे, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तपासवाल्यांकडे येते. नोकरी गेली, आजारपण आलं तर माणूस काही हप्ते भरून मग अडकतो, पहिलाच चुकला म्हणजे बहुतेक वेळा कर्ज देतानाच गडबड झालेली असते.

ही फाइल दिसायला एकदम चोख. टॉप मॉडेल, लेदर सीट, सनरूफ, पगार भरपूर, डाउन पेमेंट म्हणून जुनी गाडी एक्सचेंजला. गाडी बघायला गेलो, आत बसून वर बघतो तर साधं कापडी छत. सनरूफ कुठाय विचारलं तर ग्राहक म्हणतो, "साहेब, मी तर सगळ्यात स्वस्तातली घेतली." चेसिस नंबर उतरवून घेतला (17 आकडे-अक्षरं, त्यात आय, ओ, क्यू कधीच नसतात, 1 आणि 0 शी घोळ होतो म्हणून), कंपनीकडे विचारलं, बेस मॉडेल.

आता गणित बघा. आम्ही इनव्हॉइसच्या 80 टक्के देतो. 100 ची गाडी कागदावर 125 ची केली की कर्जच 100 मिळतं, डीलरची गाडी पूर्ण वसूल, आणि वरचे 25 दाखवायला जुन्या खटाऱ्याची किंमत फुगवायची. उद्या गाडी ओढून आणली तरी बेस मॉडेलचेच पैसे येणार, बाकीचा खड्डा ग्राहकाच्या नावावर.

बरं, त्या जुन्या गाडीवरही ह्या ग्राहकाचं कर्ज होतं, दुसऱ्याच कुणी दिलेलं. "ते आम्ही फेडतो" म्हणून डीलरने गाडी घेतली, फेडलं काहीच नाही आणि गाडी पुढे विकून मोकळा. म्हणजे ह्याला दोन हप्ते चालू, एक गाडी दारात नाहीच, आणि ती ज्याने घेतली त्या बिचाऱ्याला तिच्यावर बोजा आहे हे माहीतही नसणार.

ग्राहकाला फाइलमधली सॅलरी स्लिप दाखवली तर हसलाच, एवढा पगार आमच्या मॅनेजरलाही नाही म्हणाला. मूळ पगार आणि भत्ते मिळून खालची बेरीजही जुळत नव्हती. खोट्या स्लिपा बनवणारे बेरीज का करत नाहीत कुणास ठाऊक, पण कर्ज मंजूर करणाऱ्या आमच्या क्रेडिटवाल्यांनी तरी कुठे केली? महिनाअखेरीला टार्गेट दिसतं, बेरीज दिसत नाही. त्याच डीलरच्या बाकी फाइली काढल्या तर जो तो सनरूफवाला, आणि एकालाही ह्याचं नवल वाटलं नव्हतं.

माझं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. सह्या ह्याच्याच आहेत, कोऱ्या फॉर्मवर केलेल्या. रकाने रिकामे का विचारलं तर सिस्टिममधनं आपोआप भरतात असं सांगितलं म्हणे. पण सेल्समन "पगार थोडा वाढवून दाखवू, सगळेच करतात" म्हणाला होता, तेव्हा ह्याने मान हलवली होती, हेही त्यानेच सांगितलं, मी न विचारता. थोडा म्हणजे दुप्पट असेल हे त्याच्या डोक्यातही नसावं.

रिपोर्टात 'ग्राहकाचा सहभाग' ह्यापुढे दोनच चौकोन आहेत, होय आणि नाही. मी दोन्ही सोडून खाली सविस्तर लिहिलं. फाइल वरून परत आली, एकावर टिक करा म्हणून. डीलरबद्दल पानंच्या पानं लिहिली होती, त्यावर एक प्रश्न नाही.