माझा अनुभव: क्यूएमूमधल्या नेटवर्क डिस्कचे पर्याय आखताना

क्यूएमूला, म्हणजे एका खऱ्या संगणकावर (होस्टवर) आभासी संगणक (गेस्ट) चालवणाऱ्या प्रोग्रामला, नेटवर्कवरून दूरची डिस्क जोडण्याची जुनी रीत म्हणजे एक लांबच लांब फाइलनाव. डिस्क सेफ या अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या स्टोरेजमधली असेल, तर 'आरबीडी:पूल/इमेज' इथपर्यंत ते सुटसुटीत दिसतं. मग कोलन देऊन युजर, कोलन देऊन चावी, कोलन देऊन मॉनिटरचे (सेफचा कारभार बघणाऱ्या सर्व्हरांचे) पत्ते. पत्त्यात पोर्टच्या आधी कोलन असतोच, म्हणून त्याच्यापुढे बॅकस्लॅश. तो बॅकस्लॅश शेल खाऊन टाकतं, म्हणून सगळ्याला अवतरणचिन्हं. 'ड्राइव्ह' पर्याय स्वल्पविरामावर तुटतो, म्हणून नावात स्वल्पविराम आला तर तो दोनदा. एवढं करून सेफची चावी त्या होस्टवर 'पीएस' (चालू प्रोग्राम आणि त्यांचे पर्याय दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या कुणालाही दिसते ती दिसतेच.

आमचं साधन म्हणजे क्यूएमूवर बसवलेला एक छोटा थर. त्यात एनबीडी, आयस्कझी आणि सेफचा आरबीडी या नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या तिन्ही पद्धतींसाठी पर्याय नव्याने आखायचे होते. पाया म्हणून २०१७ साली २.९ आवृत्तीत आलेलं 'ब्लॉकडेव्ह' (डिस्क जोडण्याची नवी रीत) घेतलं. त्यात प्रत्येक ड्रायव्हरचे पर्याय स्कीमामध्ये, म्हणजे ठरलेल्या आराखड्यात, नाव आणि प्रकारासकट मांडलेले असतात. पहिलं काम कागदावरचं होतं: प्रत्येक पर्यायापुढे लिहायचं की हा डिस्क कुठे आहे ते सांगतो, आत कोण शिरतंय ते सांगतो, की बिघडल्यावर काय करायचं ते सांगतो. हे तीन एकाच स्ट्रिंगमध्ये मिसळले की कितीही एस्केप करा, पुढे गोंधळ ठरलेला.

पत्ता सोपा वाटला होता. एनबीडीला आधी होस्ट (इथे सर्व्हरचा पत्ता), पोर्ट आणि पाथ हे तिन्ही पर्याय शेजारी शेजारी होते. होस्टही दिला आणि युनिक्स सॉकेटचा (त्याच संगणकावरच्या जोडणीचा) पाथही दिला तर खरा कोणता? म्हणून आधी प्रकार सांगायचा, 'इनेट' की 'युनिक्स', आणि त्या प्रकाराला लागणारे पर्यायच पुढे घ्यायचे. पोर्ट मात्र स्कीमामध्ये आकडा नसून स्ट्रिंग आहे, कारण तिथे सेवेचं नावही चालतं. कमांड लाइनवर सगळंच अक्षरांत असल्यामुळे हे कळत नाही. जेसनमधून (पर्याय मजकुरात मांडण्याची एक रीत) पोर्ट म्हणून १०८०९ अवतरणाशिवाय पाठवलं की प्रकार जुळत नसल्याची तक्रार येते. आयपीव्ही६ ची गंमत उलटी: यूआरआयमध्ये (एका ओळीतल्या पूर्ण पत्त्यात) चौकोनी कंस लागतात, सुट्या होस्ट पर्यायात ते असले तर पत्ता सापडत नाही. वापरणारा जुन्या यूआरआयमधूनच पत्ता उचलून चिकटवतो, तेव्हा कंस काढून टाकायचं काम आमच्या थराने अंगावर घेतलं.

सेफला मॉनिटर अनेक, म्हणून सर्व्हरची यादी: सर्व्हर.०.होस्ट, सर्व्हर.१.होस्ट, सर्व्हर.२.होस्ट. क्रमांक शून्यापासून आणि सलग हवेत. मधला एक मॉनिटर कमी करताना नुसती ती ओळ पुसली तर १ गहाळ असल्याची चूक येते. त्याहून फसवी गोष्ट कॉन्फ फाइलची. 'कॉन्फ' पर्याय दिला नाही, तर सेफची नेहमीच्या जागची फाइल वाचायचा प्रयत्न होतो आणि ती नसली तरी कुणी हूं की चूं करत नाही. होस्टवर जुन्या क्लस्टरची फाइल पडून असेल तर तिच्यातल्या सेटिंग गुपचूप लागू होतात. तुम्ही दिलेले मॉनिटर तिच्यावर मात करतात, बाकीचं तसंच राहतं. आमच्या थरात म्हणून 'कॉन्फ' सक्तीचा केला.

पासवर्ड पर्यायात न लिहिता वेगळ्या सीक्रेट ऑब्जेक्टमध्ये ठेवायचा आणि पर्यायात फक्त त्याची आयडी द्यायची, ही क्यूएमूची पद्धत चांगली आहे. पण इथे दोन खड्डे आहेत. आयस्कझीचा चॅप (लॉगिन तपासणीचा) पासवर्ड साध्या मजकुरासारखा वाचला जातो, त्यामुळे फाइलमध्ये 'एको'ने लिहिलेला पासवर्ड शेवटच्या नव्या ओळीसकट जातो आणि लॉगिन नाकारलं जातं. 'प्रिंटएफ' वापरा. सेफची चावी मुळातच बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या रीतीत) असते आणि आरबीडी ड्रायव्हर सीक्रेटमधला मजकूर स्वतः बेस६४ करून पुढे देतो. म्हणून त्या सीक्रेटचा फॉरमॅट बेस६४ सांगावाच लागतो. तो 'रॉ' (जसाच्या तसा) राहिला तर चावी दोनदा एन्कोड होते आणि सेफ तिला ओळखत नाही. एकाच जातीच्या पर्यायाला दोन ठिकाणी दोन फॉरमॅट! हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं. ड्रायव्हर कोणता त्यावरून आमचा थरच फॉरमॅट ठरवतो.

क्यूकाऊ२ ओव्हरले (मूळ इमेजवरचे फक्त बदल साठवणाऱ्या फाइली) आले की सीक्रेटचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मूळ इमेजचं नाव ओव्हरलेच्या हेडरमध्ये एक स्ट्रिंग म्हणून लिहिलं जातं, कमाल १०२३ बाइट. रचलेले पर्याय 'जेसन:' लावून तिथे कोंबता येतात, पण आतली सीक्रेटची आयडी दुसऱ्या होस्टवर अस्तित्वातच नसते. हेडरमध्ये आम्ही निव्वळ पत्ता ठेवतो आणि उघडताना 'बॅकिंग'मध्ये नोडचं (ब्लॉकडेव्हने जोडलेल्या इमेजचं) नाव स्पष्ट देतो. मग हेडरमधली स्ट्रिंग बघितलीच जात नाही. मूळ इमेजचा फॉरमॅटही लिहून ठेवायचाच. अंदाजावर सोडलं तर रॉ (स्वतःचं हेडर नसलेल्या) डिस्कवर गेस्ट स्वतः क्यूकाऊ२ चं हेडर लिहू शकतो, आणि पुढच्या वेळी ती डिस्क होस्टवरची भलतीच फाइल मूळ इमेज म्हणून दाखवू लागते.

नोडच्या नावाची मर्यादा ३१ अक्षरं. यूयूआयडी (प्रत्येक डिस्कची वेगळी ओळखखूण) ३६ अक्षरांचा, शिवाय नावाची सुरुवात अक्षरानेच व्हावी लागते. आम्ही 'एन' लावून त्याचा कापलेला हॅश (त्यावरून काढलेलं सांकेतिक रूप) वापरतो.

कॅशच्या बाबतीत जुन्या सवयी आड येतात. 'कॅश=नन' हे एक गाठोडं होतं. ब्लॉकडेव्हमध्ये ते सुटलं: 'कॅश.डायरेक्ट' आणि 'कॅश.नो-फ्लश' नोडवर, तर 'राइट-कॅश' गेस्टला दिसणाऱ्या डिव्हाइसवर. आरबीडीला 'डायरेक्ट' चालू केलं की सेफच्या लायब्ररीची स्वतःची कॅश बंद होते, हे नावावरून कुणाच्याही लक्षात येणार नाही. पहिल्या आराखड्यात 'एआयओ=नेटिव्ह' (कर्नलमार्फत न थांबता लिहिणं-वाचणं) आम्ही सगळ्या डिस्कांना खुलं ठेवलं होतं. ते होस्टवरच्या फाइलसाठी आणि ब्लॉक डिव्हाइससाठी आहे, तेही 'डायरेक्ट' चालू असेल तरच. एनबीडी हा पर्याय ओळखतच नाही. सामाईक वाटणारे पर्याय ड्रायव्हरच्या पोटात ढकलले ते यानंतर.

बिघाडाच्या पर्यायांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. एनबीडीचा 'रीकनेक्ट-डिले' (पुन्हा जोडणीची किती वाट बघायची) सेकंदांत असतो आणि ठरीव किंमत (काही न दिल्यास) ०, म्हणजे कनेक्शन तुटताच मागण्या नापास. आयस्कझीचा 'टाइमआउट'ही सेकंदांत आणि ठरीव किंमत ०, पण तिथे शून्याचा अर्थ कितीही वेळ थांबा. आमच्या थरात म्हणून शून्य लिहायलाच बंदी आहे: 'लगेच', 'कायम' किंवा सेकंदांचा आकडा, आणि पर्यायाच्या नावातच 'सेकंद'.

'रीकनेक्ट-डिले' वाढवून भागेल असं वाटतं, पण साटा डिस्क दिलेला लिनक्स गेस्ट एका कमांडची ३० सेकंदच वाट बघतो. मग तो डिस्क रीसेट करू लागतो आणि पुढे फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊ शकते. आम्ही १० सेकंद ठेवले आणि जोडीला लिहिण्या-वाचण्याच्या दोन्ही चुकांवर 'स्टॉप'. म्हणजे गेस्ट थिजतो, त्याचं घड्याळही थांबतं, आणि स्टोरेज परत आलं की 'कॉन्ट' (पुढे चालू कर) ही कमांड दिल्यावर तीच मागणी पुन्हा जाते. हे दोन पर्याय नोडवर नाहीत, डिव्हाइसवर आहेत. ठरीव वागणूक अशी की जागा संपली तरच गेस्ट थांबतो, बाकी चुका त्याच्या माथी.

फाइलवरच्या इमेजला २.१० पासून क्यूएमू कुलूप लावतं. एनबीडीच्या एक्सपोर्टला किंवा आयस्कझीच्या लनला, म्हणजे त्यांनी दिलेल्या डिस्कना, ते लावत नाही, तेव्हा एकच डिस्क दोन गेस्टना जाऊ नये याची नोंदवही वरच्या थरातच ठेवावी लागली.

होस्टवरच्या क्यूएमूला एखादा पर्याय येतो की नाही, हे आवृत्तीवरून ठरवू नये. डिस्ट्रिब्यूशनवाले नवे पॅच जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. 'क्वेरी-क्यूएमपी-स्कीमा' या कमांडने क्यूएमूलाच विचारायचं. त्यात प्रकारांची नावं नुसते आकडे असतात, म्हणून 'ब्लॉकडेव्ह-ॲड'पासून सुरू करून दुव्यामागून दुवा धरत जावं लागतं.

चाचणीत सर्व्हर मारून बघितला तेव्हा १० सेकंद बरोबर पाळले गेले. मग फायरवॉलमध्ये पॅकेट 'रिजेक्ट' (नकार कळवून परत) न करता 'ड्रॉप' (गुपचूप गायब) केले, म्हणजे केबल उपटल्यासारखं, तर गेस्ट कितीतरी मिनिटं लटकला. कारण सरळ आहे. कनेक्शन तुटलं असं टीसीपीने (नेटवर्कवरची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या थराने) कबूल केल्यावरच ते १० सेकंद मोजायला लागतात, आणि पोच न मिळालेला डेटा लिनक्स ठरीव सेटिंगवर १५ वेळा पुन्हा पाठवून बघतो. त्यात साधारण १५ मिनिटं जातात. सर्व्हर पत्त्यात 'कीप-अलाइव्ह' (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणं) चालू करता येतं, पण त्याचा पहिला प्रोब ७२०० सेकंदांनी जातो आणि पोच बाकी असताना त्याचा उपयोग नसतो. मागणी पोचली पण उत्तर अडकलं, अशाच वेळी तो कामाला येतो. म्हणून होस्टवर 'टीसीपी_रीट्राइज२' (पुन्हा पाठवण्याच्या वेळा ठरवणारी सेटिंग) १५ वरून ८ वर आणला आणि कीप-अलाइव्हची वेळ ३० सेकंद केली. या दोन्ही सेटिंग अख्ख्या होस्टला लागतात, त्यामुळे त्या डिस्कच्या पर्यायांत न ठेवता होस्टच्या प्रोफाइलमध्ये ठेवल्या.