तिसरी नळी

आमच्या रक्तपेढीच्या खिडकीला काच आहे आणि काचेला एक अर्धगोल भोक. त्या भोकातून पिशव्या बाहेर जातात आणि शिव्या आत येतात. "रक्त काय विहिरीतून शेंदताय का?", "फ्रिज तर भरलेला दिसतोय, द्यायला काय होतंय?" मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात मी १९ वर्षं तंत्रज्ञ आहे. माझी कातडी आता त्या काचेहून जाड झालीय. रागावणाऱ्याचं माणूस वर पलंगावर असतं. पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणं म्हणजे क्रॉसमॅच, आणि त्याला तास का लागतो, हे त्या माणसाला कोण कशाला सांगणार? आम्हीही सांगत नाही. "थांबा, नाव घेऊ" म्हणतो आणि मान खाली घालतो.

ही गोष्ट पावसाळ्यातल्या एका नाइटची. डेंग्यूचे दिवस होते, त्यामुळे प्लेटलेट्ससाठी खिडकीवर रांग. नाइटला आम्ही दोघी असतो. पण जोडीदारणीच्या मुलाला ताप, म्हणून ती आली नव्हती, आणि तिच्या जागेवर येणारा माणूस रात्री दहापासून "निघालोय" असं सांगत होता. (तो शेवटपर्यंत आला नाही. असो.)

१ वाजून ४० मिनिटांनी प्रसूती विभागाचे मामा, म्हणजे तिथले वॉर्डबॉय, आले. मामांची चाल पाहून मागणी ओळखता येते. साधं काम असेल तर ते वाटेत वॉचमनशी दोन शब्द बोलून येतात. त्या रात्री लिफ्टची वाट न बघता ते चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरले होते. आल्या आल्या दोन्ही गुडघे धरून उभे राहिले आणि फॉर्म तसाच काचेतून आत सरकवला. वय २४, दुसरं बाळंतपण, रक्तस्राव थांबत नाही, हिमोग्लोबिन ५.२, चार पिशव्या, तातडीने. सोबत गरोदरपणातल्या तपासणीचं कार्ड. त्यावर एका खासगी लॅबचा शिक्का आणि 'ओ पॉझिटिव्ह'.

कार्डावर काहीही असो, रक्तगट आम्ही पुन्हा करतोच, तोही दोन्ही बाजूंनी. एकदा रुग्णाच्या पेशी घेऊन आणि एकदा तिचा सीरम, म्हणजे रक्तातलं पेशी सोडून उरलेलं पाणी, घेऊन. गट ओळखायच्या द्रावणात पेशींची गुठळी झाली की तो गट. तिच्या पेशी अँटी-एमध्ये मोकळ्या, अँटी-बीमध्ये मोकळ्या, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगणाऱ्या अँटी-डीमध्ये गुठळी. झाला ओ पॉझिटिव्ह. मग सीरम. एका नळीत ए पेशी, दुसरीत बी पेशी, दोन्हीकडे गुठळ्या. ओ गटाच्या माणसाचं असंच यायला हवं. राहिली तिसरी नळी, ओ पेशींची. या नळीत काही होत नसतं. गर्दीच्या वेळी सगळ्यात आधी जीव कंटाळतो तो हिलाच.

आणि नेमकी ओ पेशींची बाटली खराब निघाली. सकाळी धुऊन ठेवलेल्या पेशींवरचं सलाइन गुलाबी झालेलं, म्हणजे पेशी फुटायला लागलेल्या. दिवसपाळीत कुणीतरी बाटली फ्रिजबाहेर विसरलं असणार. नव्या पेशी करायच्या तर तीन ओ पिशव्यांच्या नळ्यांचे तुकडे कापा, एकत्र करा, सलाइनने तीनदा धुवा. दहा-बारा मिनिटं कुठे गेली नाहीत. खरं सांगते, मनात आलं की सोडून द्यावी. दोन्ही बाजू जुळल्यात, कार्ड जुळतंय, क्रॉसमॅच तर होणारच आहे.

तेवढ्यात फोन. वरचे निवासी डॉक्टर. "मॅडम, क्रॉसमॅचला वेळ नाही. दोन पिशव्या तशाच पाठवा, मी सही करतो."

तसा नियम आहे. जीव जायची वेळ असेल तर डॉक्टरच्या सहीवर क्रॉसमॅच न करता रक्त देता येतं. ओ तर सगळ्यांना चालतं, शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी फ्रिजचं दार उघडलंसुद्धा. हातात दोन पिशव्या, मामांचा पंजा त्या भोकातून आत आलेला.

मी पिशव्या परत ठेवल्या. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अंतर्ज्ञान वगैरे काही नव्हतं. ओ पेशींचा रकाना रजिस्टरमध्ये रिकामा होता आणि रिकाम्या रकान्यावर सही करायची मला सवय नव्हती, इतकंच. "डॉक्टर, दहा मिनिटं द्या," म्हटलं. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. बत्तीस तास उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं होतं ते.

पेशी धुतल्या. नळी फिरवली. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली की तळाशी पेशींचं लाल बटण बसलेलं असतं. नळी ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून हलक्या हाताने हलवायची. प्रतिक्रिया नसेल तर बटणाच्या कडेने उदबत्तीच्या धुरासारखी लाल रेघ सुटते आणि बघता बघता सगळं एकसारखं होऊन जातं. त्या रात्री रेघ सुटलीच नाही. बटण अख्खंच्या अख्खं निघालं आणि डाळिंबाच्या दाण्यासारखं नळीत गडगडलं.

आधी वाटलं, घाईत पेशी नीट धुतल्या गेल्या नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा दाणा. तिचाच सीरम आणि तिच्याच पेशी एकत्र करून पाहिल्या, तर काही नाही. मग फ्रिजच्या वरच्या कप्प्यातली छोटी बाटली काढली. अँटी-एच, एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क. ओ पेशींना तो घट्ट धरतो. तिच्या पेशी त्यात मोकळ्या तरंगत राहिल्या.

बॉम्बे ग्रुप.

कळेल असं सांगायचं तर पेशीवर एच नावाचं एक जोतं असतं. ए किंवा बी गट म्हणजे त्या जोत्यावर बांधलेलं घर. ओ म्हणजे नुसतं जोतं, वर बांधकाम नाही. बॉम्बे गटवाल्यांच्या पेशीवर जोतंच नसतं. त्यामुळे त्यांच्या शरीराला ओ रक्तसुद्धा परकं, आणि ते ओ पेशी फोडून टाकतं. नेहमीच्या तपासणीत मात्र ही माणसं ओ म्हणून खपून जातात. परळच्या केईएममध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये हा गट पहिल्यांदा जगापुढे मांडला. शहराचं नाव १९९५ला बदललं, गटाचं तेच राहिलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक, असं आम्हाला शिकवतात. तोवर माझ्या हातून असे दोनच गेले होते, दोन्ही शिबिरातले रक्तदाते. रक्त हवं असलेलं माणूस ही पहिलीच.

वर फोन लावला. "ओ द्यायचं नाही. एक थेंबही नाही."

"ओ निगेटिव्ह?"

"तेही नाही."

पलीकडे थोडा वेळ फक्त मॉनिटरचा आवाज. मग अगदी हळू, "मग मी हिला देऊ काय?"

माझ्या मुलाहून चारपाच वर्षांनी मोठा असेल तो पोरगा.

आमच्याकडे पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही आहे, बॉम्बे गटवाल्यांचे फोन लिहिलेली. त्या रात्री तिच्यात ११ नंबर होते. पहिला बंद. दुसरा माणूस दुबईत. तिसरा नंबर कुणा भलत्याचाच निघाला. रात्री अडीचला उठवल्याबद्दल त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. कुणीतरी आकडा चुकीचा लिहून घेतला होता. चौथा डोंबिवलीचा. दुसऱ्या रिंगला उचलला आणि माझं अर्धं वाक्य ऐकून विचारलं, "कुठे यायचं?" पहिल्या लोकललाही न थांबता मोटारसायकलवर निघाला. मधल्या वेळात इतर पेढ्यांना फोन केले. ठाण्याच्या एका पेढीत एक पिशवी होती, दुपारपर्यंत पाठवतो म्हणाले. वर तोपर्यंत गर्भाशयात बलून टाकून रक्तस्राव बराचसा आवरला होता. आता तिने तग धरायचा होता.

डोंबिवलीवाला ३ वाजून ५० मिनिटांनी आला, रेनकोटसकट ओलाचिंब. मागच्या दानाला चार महिने झालेले, हिमोग्लोबिन १३.८. खुर्चीवर बसवून चहाबिस्किट दिलं, केस पुसायला टॉवेल दिला आणि मग ३५० मिलिलिटर घेतलं. एचआयव्ही, दोन्ही कावीळ, सिफिलिस, मलेरिया सगळं रॅपिड किटवर केलं, आणि क्रॉसमॅच कूम्ब्सपर्यंत, म्हणजे सगळ्यात बारीक टप्प्यापर्यंत, नेलं. या वेळी घाई केली नाही. नळीत धूर सुटला. इतका छान धूर मी क्वचित पाहिलाय.

पिशवी न्यायला मामांच्या मागून ते निवासी डॉक्टरही आले. निवासी डॉक्टर खाली कधी येत नाहीत. क्रॉसमॅचचं शेवटचं फिरवणं चालू होतं तेवढ्यात स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. मामांनी खांद्याला हात लावून उठवलं. उठून आजूबाजूला बघत म्हणाले, "तिसरं वर्ष माझं इथे. ही खोली आतून आज पाहिली." फोनवरच्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम एका ग्रॅमने वाढतं. दुपारी ठाण्याची पिशवी आली, दुसऱ्या दिवशी वहीतला आणखी एक दाता आला. आठवड्याने ती बाळ घेऊन घरी गेली. जाताना आम्ही तिला गटाचं कार्ड लॅमिनेट करून दिलं. तिच्या सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आम्ही रक्त असून दिलं नाही.

हा गट भावंडांत सापडू शकतो, म्हणून तिच्या भावाला बोलावलं होतं. नालासोपाऱ्याला इलेक्ट्रिशियनचं काम करतो. त्याचीही तिसरी नळी गडगडली. मी समजावून सांगितलं, तर त्याने सरळ विचारलं, "ताई, मला लागलं तर कोण देणार?" मी वही उघडून त्याच्यापुढे केली. दुबईवाल्यापुढे तसं लिहिलं होतं, चुकीचा नंबर खोडलेला होता. त्याने बोट ठेवत नावं मोजली. मग खाली मी त्याचा नंबर लिहायला घेतला. तो काचेच्या पलीकडून वाकून बघत होता.

"ताई, शेवटचा सात आहे. तुम्ही एक काढलाय."