‘शेवटी झालं’ म्हणजे काय झालं

बंड्याने काल मास्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण वेगळं) दोन शब्द टाकले. ‘शेवटी झालं.’ आणि खाली एक फोटो.

फोटो म्हणजे माझ्याकडे एक ओळ. मी मास्टोडॉन टूटमध्ये वाचते, म्हणजे टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तिथे पोस्ट उजवीकडे उघडते. वर नाव, मग मजकूर, मग ‘मीडिया अटॅचमेंट’ आणि त्याखाली आकडे-अक्षरांची गिचमीड झालेली लांबलचक लिंक. कुणी फोटोचं वर्णन लिहिलं असेल तर तेही तिथेच दिसतं. याने लिहिलेलं नाही. मास्टोडॉनवर पोस्टीला साधारण ५०० अक्षरं मिळतात आणि फोटोच्या वर्णनाला १५००. म्हणजे दाखवलेली गोष्ट सांगायला तिप्पट जागा, आणि हा गप्प.

व्ही दाबलं की ती पोस्ट ब्राउझरमध्ये उघडते. एक कळ. कालपासून ती दाबलेली नाही, आणि का नाही ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहीत बसले आहे.

रेंजचं कारण द्यायला सोपं आहे. पाऊस लागला की आमच्या वाडीत लाइट जाते, लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवर मान टाकतो, आणि उरतं ते एक काडी कधी आहे, कधी नाही असं नेट. त्यात ब्राउझर उघडायचा म्हणजे पानाआधी त्या पानाचा सगळा संसार खाली उतरायची वाट बघायची. टूट तसलं काही मागत नाही. सर्व्हरकडून पोस्टींचा नुसता मजकूर मागून घेतो, काळ्या पडद्यावर मांडतो, संपलं. निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, पोफळी आडव्या, खांब आडवे आणि कितीतरी दिवस लाइट नाही अशा अवस्थेत जे काय तुटपुंजं नेट परत आलं, त्यात अक्षरंच तेवढी येत होती. तेव्हापासून मी अशीच आहे. पण पहाटे रेंज बरी असते. आज पहाटेही बरी होती. चहा होईपर्यंत मी त्या ओळीकडे बघत बसले होते.

खाली लोकांची उत्तरं आली आहेत. ‘रंग झकास!’ ‘आता मागे वळून बघू नकोस.’ कुणीतरी जर्मनमध्ये अभिनंदन केलंय. एकाने विचारलंय, ‘एवढ्यात मावेल का सगळं?’ काय मावेल? मागे का नाही बघायचं? सगळे फोटोशी बोलतायत, शब्दांशी कुणीच नाही. बंद दाराबाहेर उभं राहून आतला हशा ऐकावा तसं झालंय माझं.

मनात आलं ते अर्थातच घर. इथलं, वरच्या अंगाचं. सामाईकातलं, सातबाऱ्यावर ही एवढी नावं, निम्मी मुंबईत, एक काका कुणाशी बोलत नाही. झाल्या असतील का सह्या? येता-जाता दिसतंय तर तसंच आहे, कुलूप, पडवीत पालापाचोळा. पण सह्या काय घरावर दिसत नाहीत. आणि झाल्याच असतील तर त्याने मला आधी सांगायला हवं होतं, असं मला का वाटावं, हा दुसरा प्रश्न. तो आज नको.

गंमत अशी की हे काळ्या पडद्याचं खूळ मला त्यानेच लावलं. कॉलेजात त्याच्याकडे ट्विटरसाठी टीटीवायटर नावाचा प्रोग्रॅम होता, पर्ल या कोडच्या भाषेत लिहिलेला. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, टाइप करा आणि एंटर मारा. तेव्हा १४० अक्षरं मिळायची. सर तासाला समोर आणि हा मागच्या बाकावर कोड लिहितोय असा चेहरा करून गप्पा मारतोय. पुढे २०२३ च्या जानेवारीत ट्विटरवर बाहेरच्या क्लायंट्सना, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या अ‍ॅप्सना, दारं बंद झाली तेव्हा हाच म्हणाला, चल, मास्टोडॉनवर जाऊ, तिथे एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना आत यायची वाट, सगळ्यांना उघडा आहे, हवा तो क्लायंट वापर. गेलो. मग हळूहळू त्याने फोनवरचं साधं अ‍ॅप घेतलं, फोटो टाकायला लागला. मी राहिले टर्मिनलात.

मराठी तर टर्मिनलात कशीबशीच बसते. प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा चौकोन दिलेला असतो. इंग्रजी त्यात शिस्तीत बसतं. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती कुठे मागे जाते, कुठे शेजाऱ्याच्या अंगावर चढते, जोडाक्षरांचे पाय मोडतात, आणि कर्सर भलत्याच ठिकाणी लुकलुकतो. लिनक्सच्या उघड्या कन्सोलवर, म्हणजे खिडक्यांशिवायच्या नुसत्या पडद्यावर, तर मराठीचं नावच नको, तिथे अक्षरांचे फार तर ५१२ आकार मावतात. हेही बंड्याचंच ज्ञान. मी दोन-तीन टर्मिनल बदलून शेवटी जरा बरं दिसणारं एक धरलं. तरी ‘स्थिती’ हा शब्द मी अजून दिसतो तसा वाचत नाही, अंदाजाने वाचते. बंड्याचंही तसंच चाललंय म्हणा.

आणि परके लोक बघा. नॉर्वेची एक बाई रोज आपल्या मांजराचा फोटो टाकते आणि खाली चार ओळी लिहिते. मांजर कुठल्या कुशीवर आहे, ऊन कुठून येतंय, उशीवर कसला डाग आहे. ती वर्णनं खरं तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतात, त्यांचा स्क्रीन रीडर ती वाचून दाखवतो. मी त्या पंगतीत आगंतुक. पण त्यामुळे झालंय असं की त्या मांजराची शेपटी मला पाठ आहे, आणि ज्याच्याबरोबर मी जांभळाच्या झाडावरून पडले त्याच्या आयुष्यात काय ‘झालं’ ते मला ठाऊक नाही. रडू येण्यासारखंच आहे. आलंही थोडं. जेवले नाही धड.

दुपारी आई आली, हातात तिचा फोन. ‘काय गो, बंड्याने ग्रुपवर फोटो टाकलाय, बघितलास?’

नाही म्हटलं.

‘मीही नाही. सकाळपासनं नुसतं गोल फिरतंय.’

फोन माझ्यासमोर धरला. धुकट राखाडी चौकोन, मधे फिरणारं चक्र, खाली वहिनीचे आठ हात जोडलेले. मला एकदम हसू फुटलं. मी इथे अक्षरांचं व्रत घेऊन एकटी पडले म्हणून सुतक पाळतेय, आणि आईच्या एवढ्या चकचकीत फोनलाही तितकंच ठाऊक. शिवाय ती त्याचं काही वाटून घेत नव्हती. मामीला फोन लावून विचारते म्हणाली. आणि लावलाच असता. मीच म्हटलं, थांब, त्यालाच विचारते.

आर दाबलं, उत्तराची चौकट उघडली, लिहिलं: ‘फोटोला वर्णन टाक रे. आमच्याकडे फक्त अक्षरं येतात.’

तिकडे सकाळ असणार. बराच वेळ काही नाही, मग: ‘अजून टर्मिनलवर?? धन्य आहेस. थांब.’

थोड्या वेळाने पोस्ट परत आणली तर लिंकशेजारी हे होतं. जसंच्या तसं उतरवते:

‘दार. निळं, जरा भडकच. दारात किल्ली. किल्लीवर हात, माझा. अंगठ्याजवळ डाग, बिया भाजताना काजूचं तेल उडालं होतं तो. फ्लॅट दोन खोल्यांचा, बाल्कनी आहे, समुद्र नाही. कर्ज पंचवीस वर्षं. घाबरलोय, ते फोटोत दिसत नाही.’

तेव्हा सह्या नाहीत. इथलं घर आहे तसंच. तिकडेच घेतलंन. पंचवीस वर्षं. बरं.

शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. रंग झकास म्हणणाऱ्यांनी ते वाचलं असेल का? त्यांना वाचायचं कारणच नाही, त्यांना दार दिसतंय. व्ही दाबायची इच्छा आता उरली नाही, म्हणजे रुसून नव्हे, खरंच उरली नाही. निळा तर निळा.

आईला वाचून दाखवलं. तिने डागापाशी ‘अरे देवा, हो’ केलं, कर्जापाशी मान हलवली, आणि लगेच सुरू झाली. विचार त्याला, घरभरणी कधी करतोय. तिकडे भटजी मिळतो का. नारळ मिळतो का, की इथनं पाठवू. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेव म्हणावं, आणि लाल रंग मिळत नसेल तर जाऊ दे पण निळा का. आईशी बोललास का. जेवतोस काय. बाल्कनीत तुळस जगेल का त्या थंडीत. मी टाइप करतेय, खाली उरलेल्या अक्षरांचा आकडा भराभर उतरतोय, आणि ती अजून देवघराच्या दिशेपर्यंत पोचलेली नाही. दोन पोस्टी कराव्या लागणार.