तुम्ही विचारलंत म्हणून: असं काय सांगता त्या पोरांना?

लग्नात, बसमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, गुन्ह्यात नि नशेत अडकलेल्या अल्पवयीन पोरांसोबत मी काम करते हे कळलं की हाच प्रश्न येतो, की ही कोयते घेऊन फिरणारी, व्हाइटनर हुंगणारी पोरं, त्यांना तुम्ही असं काय सांगता की ती सुधारतात? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला आणि १७ वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हापासून तर प्रश्नात रागपण असतो. तो राग मला पटतो. निबंध लिहून कोणी बदलत नाही.

खरं सांगू का, नुसतं सांगून काहीच होत नाही. चांगलं काय वाईट काय हे पोरांना पाठ असतं, आईनं, शाळेतल्या बाईंनी, पोलिसांनी सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. त्यांच्याकडे नसतं ते 'नाही' म्हणायला कारण. म्हणजे बघा, रिमांड होममधून पोरगा जामिनावर घरी आला, दोन दिवस गेले की संध्याकाळी फोन येतोच, "चल, त्याला बघायचंय." आता हा काय म्हणणार, मला मारामारी पटत नाही? त्याच गल्लीत राहायचंय त्याला. एकजण म्हणाला होता, "ताई, नाही गेलो तर फट्टू म्हणतात, आणि एकदा फट्टू ठरलो की कोणीपण येऊन मारून जातं." सोळा वर्षांचा होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं, तिथला हिशोबच तसा आहे.

म्हणून आम्ही कारणं शोधतो, खरी आणि मित्रांना पटतील अशी. "बोर्डापुढं तारीख आहे, आत्ता लफडं झालं तर जामीन जाईल," हे सगळ्यात जास्त चालतं, कारण हे बोर्ड, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या केस चालवणारं बाल न्याय मंडळ, काय असतं हे त्या घोळक्यात प्रत्येकाला माहीत असतं, त्याला घाबरलं म्हणून कोणी हसत नाही. कबड्डीची प्रॅक्टिस चालते. काही महिने मामाकडं गावाला, हेही चालतं. आणि रात्रशाळा! किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं नि संध्याकाळी क्लास. शिक्षण तर होतंच, पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की सात ते दहा या वेळात पोरगं नाक्यावर नसतं.

नशेचं वेगळं आणि भाईगिरीचं वेगळं असं मात्र करता येत नाही. एका आईनं मला मुलाचा रुमाल आणून दाखवला होता, दोनदा धुतला तरी सोल्युशनचा वास जात नव्हता, तिला वाटलेलं पोरगं पंक्चरच्या दुकानात बसतं. त्याच्या ओठांच्या कडेला पुरळ आलेलं, ते उन्हानं आलंय समजून ती खोबरेल लावत होती. असं हे सोल्युशन हुंगण्यापासून सुरू होतं, मग गांजा, मग गोळ्या, आधी भाई फुकट देतो, मग उधारीवर, आणि उधारी फेडायची म्हणून "हे पार्सल टाकून ये", "हा कोयता चार दिवस घरात ठेव". आपल्याला वाटतं पोरगं नशेपायी तिकडं जातं, पण कितीदा तरी ते उधारीत अडकलेलं असतं. आणि मुलांना दारू, गांजा, अशा गोळ्या देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे हो, पण त्या भाईबद्दल कोणी विचारतच नाही, सगळे पोराकडंच बोट दाखवतात, याची मला फार चीड येते. व्यसन सोडवताना घरच्यांनाही सोबत घ्यावं लागतं हे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून इथंच पुण्यात दाखवून दिलंय, तेव्हा त्या आईला बसवून पुरळ कशाचं ते सांगणं हासुद्धा उपचारच.

अजून एक. "केस लागली, आता भरती गेली, काय उरलंय?" हे वाक्य मी सारखं ऐकते. तेव्हा त्याच २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ मी वाचूनच दाखवते. सोळाच्या पुढच्या मुलाला भयंकर गुन्ह्यात मोठ्यांसारखं कोर्टात चालवलं तर गोष्ट वेगळी, पण एरवी लहानपणीचा गुन्हा पुढं अपात्र ठरवायला वापरता येत नाही. हे ऐकून बाप लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात, मी बघितलंय.

ज्याला मारलं त्याचं काय, हेही विचारता तुम्ही, आणि विचारायलाच हवं. त्या माणसाच्या हाताची बोटं आता मिटत नाहीत, त्याची पोह्यांची गाडी बंद पडली, हे पोराला कळलंच पाहिजे. पण नशेत असताना सांगितलं तर डोक्यात जात नाही, शुद्धीवर यायला लागल्यावरच सांगावं लागतं, आणि मग पोरगं रात्री झोपत नाही. तेव्हा कोणीतरी मोठं माणूस जवळ हवं.

सगळी सुटतात का? नाही. काही परत जातात.

तुमचं गॅरेज असेल, मोबाइल रिपेरिंगचं दुकान असेल, तर अठरा पूर्ण झालेला असा एखादा मुलगा ठेवा कामाला. फक्त चौकीवरून कोणी विचारायला आलं की लगेच काढू नका, कारण येतातच ते, वस्तीत काही झालं की आधी जुन्या पोरांना उचलतात, आणि "तेव्हा तो माझ्याकडं कामावर होता" असं सांगणारं एक माणूस त्याला लागतं.