मुका खोका

येवल्याहून निघालेली पैठणी पुण्यातल्या सोसायटीत पोचली, की घरात शिरण्याआधी तासभर तरी वॉचमनच्या टेबलावर बसते. खोक्यावर मोर आणि सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला किंमत वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून जाणते दुकानदार दोन खोके वापरतात. मिरवायचा आत, मळायचा बाहेर.

आतल्याचं आधी बघू, कारण बोभाटा टाळण्याच्या नादात साडीच बिघडायची. साडी धुतलेल्या, पांढऱ्या मलमलीत. जरीची तार रेशमावर घासू नये म्हणून घड्यांमध्ये आम्लरहित टिश्यू कागद. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. घडी सुटू नये म्हणून रबरबँड लावणारा तर शत्रूच म्हणायचा: रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदीची जर काळवंडते. बांधायचीच तर सुती नाडीने बांधावी. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी मलमलीच्या बाहेर ठेवावी. पावसाळ्यात सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी हवीच, पण ती फक्त प्रवासापुरती. कपाटात तशीच राहिली, तर आतला दमट वास आतच मुरतो.

बाहेरचा खोका साधा, तपकिरी. एका साडीला तीन पदरी पुठ्ठा पुरतो, परदेशी जाणारीला पाच पदरी बरा. दोन्ही खोक्यांच्या मध्ये चहूबाजूंनी दोनेक सेंटिमीटर मोकळं सोडून कागदाचे बोळे कोंबायचे. सोळा सेंटिमीटर उंच, मोकळाढाकळा खोका घेण्याचा मोह आवरावा. बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागून वजन धरतात. ४० बाय ३० बाय ८ चा खोका १.९२ किलोचा ठरतो, साडी किलोभराची का असेना. उंची दुप्पट केली की वजनही दुप्पट.

चिकटपट्टीत खरी गंमत आहे. उघडल्यावर खूण सोडणारी सुरक्षा पट्टी बाहेर लावली, तर तीच चुगली करते: एवढा बंदोबस्त म्हणजे आत काहीतरी आहे! ती आतल्या खोक्याला लावावी. बाहेर साधी, बिननावाची. गिऱ्हाइकाने बाहेरचा खोका उघडतानाच व्हिडिओ सुरू करावा, म्हणजे आतलं सील शाबूत होतं की नाही, यावर वाद उरत नाही.

कागदपत्रं मात्र मुकी ठेवता येत नाहीत. बिल पारदर्शक पाकिटात जातं. छापील बाजू आत करून घडी घालायची, एवढंच आपल्या हातात. ५०,००० रुपयांहून महाग माल राज्याबाहेर पाठवताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला, लागतं. न्यू जर्सीच्या पार्सलवर कस्टम्सच्या फॉर्मात वस्तू आणि किंमत खरी लिहावीच लागते. कुणाला कळू नये म्हणून ‘भेट, ५०० रुपये’ लिहिणाऱ्याने पार्सल हरवल्यावर भरपाई ५०० चीच मागावी.

दुकानाच्या नावातच ‘पैठणी’ असेल, तर निरोपाच्या एसएमएसचा मजकूरही तपासून घ्यावा. नवऱ्याने गुपचूप मागवलेली साडी पुष्कळदा बायकोच्या हातातल्या त्याच्याच फोनवर उजेडात येते.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी तर नकोच. लेबलवर रक्कम ठळक छापलेली असते, नि डिलिव्हरीवाला जिन्यातूनच विचारतो, “काकू, अठरा हजार पाचशे सुट्टे आहेत का?”