खांब बाहेर असलेली इमारत

नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं ड्रॉइंग्ज काढली. खांब भिंतीत कसा लपवायचा, हीच रोजची विवंचना. म्हणून लेकीकडे गेले तेव्हा फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीट आणि बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मान वर करून उभीच राहिले. पीएसएफएस या बचत बँकेची १९३२ ची ३६ मजली इमारत, आणि खांब चक्क भिंतीच्या बाहेर, सरळ वर गेलेले!

आर्किटेक्ट जॉर्ज हाऊ आणि विल्यम लेस्काझ. पण उंची ठसठशीत दिसायला हवी हा आग्रह बँकेचे अध्यक्ष जेम्स विलकॉक्स यांचा. असं गिऱ्हाईक मिळणं भाग्याचंच.

तळमजल्यावर दुकानं, अगदी आपल्या लक्ष्मी रोडसारखी. बँकेचं दालन त्यावर, आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर, आणि तिथे न्यायला सरकता जिना. लिफ्ट, जिने मागच्या बाजूला काळ्या विटांच्या वेगळ्या भागात. त्यामुळे ऑफिसांना उजेड मोकळा. खालचा ग्रॅनाइटचा कोपरा गोलाईत वळतो. मी हात फिरवून पाहिला: गार, आणि सांधा नखाला जेमतेम लागेल इतका बारीक.

गच्चीवर २७ फूट उंच लाल निऑन अक्षरं आहेत. त्यांच्या आड वातानुकूलनाची यंत्रं झाकली आहेत. आपल्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या आठवल्या आणि वाटलं, इतका विचार आपणही करायला हवा होता.

आता तिथे हॉटेल आहे. अक्षरं मात्र तशीच ठेवली आहेत.