तुम्ही चहात काय टाकता हो?

हा प्रश्न मला भिशीतल्या बायका विचारतात, मुलीच्या मैत्रिणी विचारतात, एकदा तर गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या गृहस्थांनीही विचारला. प्रश्नामागे एक समजूत असते, की काहीतरी गुपित असणार. एखादा मसाला, नाहीतर कुठल्या तरी खास दुकानातली पावडर. तसं काही नाही हो. पावडर कोपऱ्यावरच्या वाण्याकडची, दूध पिशवीचं. काय टाकते यापेक्षा कधी टाकते, एवढाच काय तो फरक. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे उत्तर जरा लांबतं आणि समोरचा माणूस चपला शोधायला लागतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

दोन कपांचं सांगते. कप साधारण दीडशे मिलिलिटरचा धरा. सव्वा कप पाणी, पाऊण ते एक कप दूध, दोन सपाट चमचे पावडर, साखर ज्याची त्याच्या जिभेप्रमाणे. पातेलं लहान घ्या, मोठ्या पातेल्यात दोन कप चहा तळाशी पसरतो आणि आटतो. पाण्यात साखर आणि ठेचलेलं आलं घालून गॅसवर ठेवा. पाणी चांगलं खळखळलं की पावडर. आच मध्यम करून दोन मिनिटं उकळू द्या. शेजारच्या बर्नरवर दूध तापलेलं असेल, ते गरम गरमच ओता. चहा वर आला की आच कमी करा, पुन्हा एकदा वर येऊ द्या, आणि गॅस बंद. झाकण ठेवून मिनिटभर थांबा. मग गाळा.

एवढंच. पण 'एवढंच' म्हटलं की कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून कारणं सांगते.

पावडर नुसत्या पाण्यात उकळायची, हे पहिलं. बरेच जण पाणी, दूध, पावडर, साखर सगळं एकदम पातेल्यात घालून गॅस पेटवतात आणि मोबाइल बघत उभे राहतात. चहात जो तुरटपणा असतो तो टॅनिन वर्गातल्या पदार्थांचा, आणि दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. दूध घातलं की चहा मवाळ लागतो तो त्यामुळेच. हे आपल्याला हवंच असतं, पण अर्क पाण्यात नीट उतरल्यानंतर. पहिल्यापासून दूध घातलं की चहा दुधट होतो. मग रंग येईना म्हणून आणखी पावडर, ती उतरेना म्हणून दहा मिनिटं उकळणं, कडू झाला म्हणून साखर. शेवटी जे कपात येतं ते प्यायल्यावर पाहुणा 'छान झालाय' म्हणतो, कारण दुसरं काय म्हणणार.

फ्रिजमधलं गार दूध ओतू नका. पातेल्यातली उकळी बसते, आणि परत वर येईपर्यंत चहा कोमट अवस्थेत ताटकळतो. माझ्या जिभेला तो लगेच कळतो. माझ्या नवऱ्याला कळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आल्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे मतभेदाला जागा नाही. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एक एन्झाइम असतं. चीनच्या दक्षिण भागात आल्याचा रस कोमट दुधात घालून मुद्दाम घट्ट खरवसासारखा पदार्थ करतात, तो याच गुणामुळे. आपल्याला चहात खरवस नको आहे. आलं पाण्याबरोबर उकळलं की ते एन्झाइम निकामी होतं आणि दूध निर्धास्त घालता येतं. 'आमच्याकडे आल्यानं चहा फाटतो, पिशवीचं दूधच खराब येतं' अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारते, आलं केव्हा घालता? बहुतेक वेळा दूध निर्दोष सुटतं.

वेलदोडा मात्र उलट. त्याचा वास पटकन उडतो, म्हणून तो शेवटच्या उकळीला ठेचून घालायचा आणि लगेच झाकण. गवती चहाचंही तसंच: पात हातानं पिळून, गाठ मारून, दूध घातल्यावर टाका. आलं, वेलदोडा, गवती चहा, लवंग, दालचिनी असं सगळं एकाच पातेल्यात घालणाऱ्यांनी सरळ काढा प्यावा. पावसाळ्यात आलं आणि गवती चहा, थंडीत सुंठ, उन्हाळ्यात काहीच नाही, असा माझा हिशोब आहे. सुंठ आल्यापेक्षा तिखट असते, तेव्हा चिमटीनंच.

पावडर कुठली, याचं उत्तर सोपं आहे: दाणेदार, सीटीसी. 1930 च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी असं यंत्र बनवलं, की ज्यात पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळून निघतात, म्हणजे 'क्रश, टिअर, कर्ल', म्हणून सीटीसी. त्यातून जे बारीक दाणे तयार होतात ते रंग लवकर सोडतात आणि दुधाला पुरून उरतात. आपला सगळा उकळीचा चहा या दाण्यांवर उभा आहे. कोणी प्रेमानं दार्जिलिंगचा पानांचा चहा भेट दिला, तर त्याला आलं घालून उकळू नका. गरम पाणी ओता, तीन मिनिटं झाकून ठेवा, गाळा, दूध न घालता प्या. नाही आवडला तर ज्याला आवडतो त्याला द्या.

आणि दूध? फुल क्रीममध्ये 6 टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये 3. म्हशीचं किंवा फुल क्रीम असेल तर पाऊण कप पुरतं, टोन्ड असेल तर कपभर. बोअरच्या पाण्यानं चहावर तेलकट दिसणारी साय येते आणि रंग मळकट होतो. तो पाण्यातल्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा प्रताप असतो. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरून बघा, फरक दिसेल.

भाचा परदेशात असतो. तो फोनवर हमखास विचारतो, की मावशी, कपात दूध आधी की चहा ओतल्यानंतर? तिथल्या लोकांचा हा फार जुना वाद आहे म्हणे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं 2003 मध्ये दूध आधी, असा निकालही दिला: गरम चहात दूध थेंबाथेंबानं पडलं तर त्यातली प्रथिनं जास्त तापून चव बिघडते. त्याही आधी, 1980 मध्ये, चहा चाखण्यासाठी कसा करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक निघालं. 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, सहा मिनिटं. ते तज्ज्ञांना वेगवेगळ्या चहांची तुलना करता यावी म्हणून आहे, पिण्यातल्या सुखासाठी नाही. ते ज्या ब्रिटिश मानकावर बेतलेलं होतं, त्याला पुढे 1999 चं इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवून विचार करायला लावणारं ते पारितोषिक. आपण दूध उकळतोच, त्यामुळे हा वाद आपल्या स्वयंपाकघरात शिरतच नाही.

खरं तर आपल्यालाही किटलीतला चहा शिकवायचा पुष्कळ प्रयत्न झाला होता. 1930 च्या दशकात चहाच्या प्रचारासाठी रेल्वे स्टेशनांवर एनॅमलच्या पाट्या लागल्या, त्यांवर देशी भाषांमध्ये कृती: ताजं पाणी उकळा, किटली गरम करून घ्या, माणशी एक चमचा चहा, पाच मिनिटं मुरू द्या, दूध-साखर नंतर. लोकांनी पाटी वाचली आणि स्वतःला परवडेल तसा चहा केला. पानं महाग, म्हणून ती कमी घालून खूप उकळली. दूध-साखर सढळ, वर आलं-वेलदोडा. प्रचारकांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. आज तोच चहा 'मसाला चाय' म्हणून परदेशात महागड्या मगातून विकला जातो. पुण्यातल्या अमृततुल्यवाल्यांनी, म्हणजे राजस्थानातून येऊन इथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी, त्याच उकळीला घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी भांडी आणि फडक्याचं गाळणं दिलं. मुंबईत इराण्यानं 'पानी कम' केलं. सगळ्यांचं आपापल्या परीनं बरोबर आहे.

गुळाच्या चहाबद्दलही विचारतात. गुळानं दूध नासतं, कारण गूळ थोडा आंबट असतो. चहा आणि दूध उकळून झाल्यावर गॅस बंद करा, दोन मिनिटांनी गूळ घाला, परत उकळू नका. किंवा सरळ कोरा करा. गुळाचा कोरा चहा आलं घालून, वर लिंबाचे चार थेंब, याला तोड नाही.

आता देण्याबद्दल. चहा चांगला करणारे पुष्कळ आहेत, देणारे कमी.

आधी पाणी विचारा. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात थेट वाफाळता कप देऊ नये. 'चहा घेणार का?' असं विचारलं, की आपल्याकडचा माणूस 'नको, आत्ताच झाला' म्हणतो, मग आपण आग्रह करायचा, मग त्यानं 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. यात पाच मिनिटं जातात. मी 'चहा टाकते, साखर किती?' एवढंच विचारते. आजकाल चारातला एक तरी बिनसाखरेचा निघतोच. घरात पाहुणे असले की मी पाण्यात साखर घालतच नाही. बिनसाखरेचे कप आधी गाळून घ्यायचे, उरलेल्यात साखर घालून एक चटका द्यायचा. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवून त्यांना पथ्याचे रुग्ण करायची गरज नाही.

कप काठोकाठ भरू नका, बशी कोरडी असू द्या. गाळताना चोथा चमच्यानं दाबू नका, शेवटचा कडवटपणा त्यातूनच उतरतो. आणि स्वतःसाठीही कप घ्या, भले दोन घोट का असेना. यजमान हात बांधून समोर बसला की पाहुण्याला परीक्षा दिल्यासारखं होतं.

कोणी बशीत ओतून पीत असेल तर त्याच्याकडे बघत राहू नका. माझ्या सासूबाई तशाच पीत, आणि नव्या सुनांना त्याची लाज वाटे. 65 अंशांच्या वरची फार गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये केलं. बशीत चहा पसरतो, पृष्ठभाग वाढतो, लवकर निवतो. सासूबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त जीभ भाजायला नको होती.

जेवणाला लागून मात्र चहा देऊ नका, विशेषतः ज्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासभर जाऊ द्या.

एक गोष्ट मला कोणी विचारत नाही, ती मीच सांगते. चहा कुठल्या कपात द्यायचा? आपल्याकडे चहाच्या कपानं फार भानगडी केल्या आहेत. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. हे आपण आता हसत हसत सांगतो. पण त्यानंतर कितीतरी दशकं गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, ज्याची त्यानं विसळून परत जागेवर ठेवायची. त्याची गोष्ट आपण हसत सांगू शकत नाही, म्हणून सांगतच नाही. आणि ती संपली असंही नाही. सोसायटीतल्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक टवका उडालेला कप किंवा स्टीलचा पेला असतो, तो कोणाचा ते विचारावं लागत नाही. मला चहाची कृती विचारणाऱ्यांच्या घरीही मी तो पाहिला आहे. तो आधी टाकून द्या, मग आल्याचं बघू.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी पावणेदहाला येतात, म्हणून आमचा दुसरा चहा पावणेदहाला होतो, एकाच पातेल्यात, एकसारख्या तीन कपांत. त्यांना कडक लागतो, साखर दोन चमचे. कधी कधी त्याच गाळतात, आणि चोथा चमच्यानं अगदी कोरडा होईपर्यंत दाबतात. एकदा मी टॅनिनचं समजावून सांगायला गेले, तर म्हणाल्या, "ताई, पावडरीला पैसे पडत नाहीत का?"